फॉर्मॅट मारलेला आवाज

३ डिसेंबर, बुध.

स्पीच थेरपीवाल्या बाई म्हणाल्या, रेडिएशन संपलं, जखम भरली, आता तुमची रेकॉर्डिंग घेऊन या. ऑपरेशनच्या आधी त्यांनीच ती करायला लावली होती. स्वरयंत्र काढलं की आवाज परत यायचा नाही, तेव्हा आहे तोवर भरून ठेवा. मशीन तो शिकेल, आणि तुम्ही टाईप कराल ते फोन तुमच्याच आवाजात बोलेल. सप्टेंबरभर कॉम्प्युटरपुढे बसून मी त्यांच्या कागदावरची वाक्यं वाचली. 'आज आकाश निरभ्र आहे.' 'कृपया दार बंद करा.' जन्मात कुणाला कृपया म्हटलं नव्हतं, पण वाचलं.

सध्या माझ्या वतीने फोनमधली बाई बोलते. आवाज गोड, मराठी पुस्तकी. परवा हुडकेश्वरच्या बाजारात तिने भाजीवाल्याला सांगितलं, "मला अर्धा किलो वांगी द्या." तो इकडेतिकडे पाहायला लागला. मग म्हणतो, "काकाजी, हे कोन बाई व्हय? पुन्याची दिसते." हसलो. माझ्या हसण्यालाही आता आवाज नाही, नुसते खांदे हलतात.

घरी येऊन कॉम्प्युटर लावला. दवाखान्यातून आल्यापासून मी आजच हात लावला, बायको, शालू, दुपारी त्यावर सिरियली पाहते. डेस्कटॉप कोरा. कुठल्या तरी तळ्याचं चित्र. 'आवाज' नावाचं फोल्डर नाही. म्हटलं घाबरू नको. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, नक्कल ठेवल्याशिवाय मी कागद हलवत नाही. दुसरी प्रत डी ड्राइव्हमध्ये. उघडायला गेलो तर डी ड्राइव्हच नाही. नुसता सी.

संध्याकाळी

पाटीवर लिहून शालूला विचारलं. माझी पांढरी पाटी आणि मार्कर, सध्याचं माझं तोंड.

"मले का मालूम? तुमी दवाखान्यात होते तवा दिवाळीची सफाई काढली ना म्या. पंखे पुसले, माळा झाडला. म्हटलं कॉम्प्युटर बी साफ करून आनू, लय हळू चालून राहिला होता. तुमी घरी आले का सारं कसं नवं दिसलं पाहिजे."

कॉलनीतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला होता. त्याने फॉर्मॅट मारून दिला. वरून भलेपणा म्हणून सी आणि डी एक करून दिले, जागा वाढते म्हणे. ती हे सगळं हौसेने सांगत होती. माझा चेहरा पाहून थांबली.

मी ओरडलो. म्हणजे तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून हवा आली आणि त्यावरचा रुमाल उडाला, तेवढंच. राग आला की माणूस ओरडतो हे किती सोपं काम होतं. ते करता येत नाही तेव्हा राग जातच नाही, आत फिरत राहतो.

४ डिसें.

दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने पाटी वाचली आणि हात झटकले. "काका, आता काही नाही भेटत गा. फॉर्मॅट म्हंजे फॉर्मॅट." वाईट माणूस नाही. दर दिवाळीला अख्खी कॉलनी त्याच्याकडे रांग लावते, गाद्या उन्हात घालाव्या तसे कॉम्प्युटर आणून टाकते. कुणी विचारत नाही, तोही विचारत नाही.

दुपारी निनादचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. चिरंजीव म्हणाले, बाबा, टेन्शन घेऊ नका, नेटवर फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं, गेलेल्या फाइली परत आणतं, त्याच कॉम्प्युटरवर टाका. डाउनलोड केलं. इन्स्टॉलच्या बटणावर बाण नेला. तेवढ्यात परत त्याचा फोन. ऑफिसातल्या कुणाला तरी विचारलं होतं त्याने, आवाज पडलेला. "बाबा, काही टाकू नका. काहीच दाबू नका. ज्या डिस्कवरून परत आणायचंय तिच्यावरच लिहिलं तर खालचं कायमचं जातं. सरळ प्लग काढा."

काढला. मग बराच वेळ त्या प्लगकडे पाहत बसलो. एका बटणाचं अंतर उरलं होतं.

त्याने इथल्याच सदर भागातल्या एका मॅडमचं नाव काढलं, गजभिये. डेटा रिकव्हरी हेच करतात. सोमवारी बोलावलंय.

६ डिसें.

शालूशी अबोला धरला आहे. पाटीवर तिच्यासाठी काही लिहायचं नाही. तिच्या लक्षात यायला दीड-दोन दिवस लागले, कारण बोलत तर मी तसाही नाही. आज जेवताना म्हणाली, "रागावले का?" मी पोळी खात राहिलो. भाजीत मीठ कमी होतं तेही सांगितलं नाही. स्वतःचंच नुकसान.

८ डिसें., सोम.

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं, अर्धे रस्ते बंद. ऑटोवाल्याने सगळीकडून फिरवून सदरला नेलं. कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून मांडीवर. शालू शेजारी, डब्यावर हात ठेवून. मी काढायला लावला नाही.

गजभिये मॅडम म्हणजे चाळिशीची, केसांत पेन खोचलेली बाई. स्वतःच्या कामाचा गर्व आहे आणि तो लपवत नाहीत. मी नमस्कार करायच्या आत विचारलं, "चालू केव्हा केलता शेवटचा?" पाटीवर लिहिलं. "सॉफ्टवेअर टाकलं का?" डाउनलोड केलं, टाकलं नाही. "बरं झालं." मग डबा उघडून आत डोकावल्या. "जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. देव पावला म्हणा. नवी एसएसडी असती तर तिनं स्वतःच आतून झाडू मारला असता. मग म्या बी हात जोडले असते."

मी विचारलं (पाटीवर, मार्कर सुकत आलाय, मला लांब लिहायची सवय) की फॉर्मॅट मारल्यावर उरतं काय.

"काका, फॉर्मॅट मारलं म्हंजे पुसलं नाही. बिल्डिंगच्या खाली नावांचा बोर्ड असते ना, तो काढून टाकला फक्त. माणसं वर आपापल्या घरातच हायेत. पण बोर्ड कोरा दिसला का कॉम्प्युटरले वाटते, बिल्डिंग रिकामी. मग तो नवे भाडेकरू घुसवते. विंडोज घुसवलं, काकूंच्या सिरियली घुसवल्या. तुमचं ते डाउनलोड बी कोनाच्या तरी डोक्यावर जाऊन बसलं असंन."

"म्हंजे आवाज हाय अजून?" शालूने विचारलं.

"असू शकते. जिथं कोनी बसलं नाही तिथं हाय."

 पाच दिवस मी समजत होतो की माझा आवाज या जगात कुठेच नाही. आणि हा डबा आमच्या हॉलमध्ये, क्रोशाच्या रुमालाखाली, तो पोटात घेऊन बसला होता. शालू रोज त्याच्यावरची धूळ पुसत होती.

मॅडमनी स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली. कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू करायचाच नाही, म्हणाल्या. नुसता सुरू झाला तरी विंडोज शेकडो ठिकाणी काहीबाही लिहितो. डिस्क त्यांच्या मशीनला लावली, पण सरळ नाही, मध्ये एक छोटा डबा. तो डबा वाचू देतो, लिहू देत नाही. त्यांच्या मशीनने काही लिहायचं ठरवलं तरी तो दारातच अडवतो. त्यातून आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढायची, भरलेलं-रिकामं न पाहता. पुढची सगळी खोदाखोद नकलेवर. मूळ डिस्क कपाटात.

नक्कल हा शब्द ऐकून बरं वाटलं. इतकी वर्षं कचेरीत शिक्के मारून मी तेच केलं, पण कोऱ्या कागदाचीही नक्कल काढावी हे कधी डोक्यात आलं नव्हतं. इथे तर सगळी आशा कोऱ्या कागदावरच.

निघताना दार उघडं होतं. मॅडमच्या टेबलावर कुणाची तरी मेलेली डिस्क उघडून ठेवली होती. आत चकती, आरशासारखी. त्यात माझा चेहरा दिसला आणि गळ्यावरचा रुमाल. एवढ्याशा चकतीवर माणसाचं काय काय मावतं. लग्नं, बारशी, हिशेब, खोकला. वर कुठे ओरखडाही दिसत नाही. पाहतच राहिलो, शेवटी शालूने शर्ट ओढला.

१० डिसें.

मॅडमचा फोन आला तर मी उचलून काय करणार. त्यामुळे त्यांनी शालूचा नंबर लिहून घेतलाय. माझा अबोला तिथेच गोत्यात आला. आज ती फोन ठेवून आली आणि पदराशी चाळा करत उभी. मी भुवया उडवल्या.  परत उडवल्या. "पाटीवर लिहा, मंग सांगते."

लिहिलं: काय म्हणाल्या?

"नक्कल निघून राहिली. पन मधात एक जागा खराब हाय, डिस्क तिथं आली का अडकते. त्यायनं तो पट्टा सोडून देल्ला आन पुढचं घेऊन राहिले. अडक्या जाग्यावर जोर केला तं मशीनच बसन म्हने. आधी चांगलं सारं काढून घेतो, मंग मागच्या अंगानं येऊन पाहतो, असं सांगतलं." आणि जरा थांबून, "बाई हुशार हाय."

अबोला संपला असं मी काही जाहीर केलं नाही. भाजीत मीठ कमी आहे हे मात्र लिहिलं.

१३ डिसें., शनि.

सदर. नक्कल झाली, तो खराब पट्टा सोडून. डिस्कवर मोठ्या अक्षरांत माझं नाव लिहून, पाकिटात घालून, कपाटात.

आता नकलेत शोध. मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं, नुसते आकडे आणि अक्षरं, मुंग्यांच्या रांगा, खाली खाली जातात, संपतच नाहीत. म्हटलं यात मी कुठे. त्या म्हणाल्या, फाइलचं नाव गेलं, तारीख गेली, कुठल्या फोल्डरात होती तेही गेलं. पण आवाजाच्या फाइलच्या सुरुवातीला ठरलेली चार अक्षरं असतात. कपाळावर गंध असतं तशी. मशीन डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढं गंध शोधत जाईल. सापडलं की तिथून पुढचं उचलायचं.

बसून पाहत होतो. बराच वेळ काही नाही. मग डाव्या कोपऱ्यात एक ओळ उमटली. मग दुसरी. मग भराभर. नावं नाहीत, नुसते नंबर. मॅडम म्हणाल्या, "हे काय हाय ते मले नाही मालूम. तुमीच ऐकून सांगा."

एखादी ऐकवा म्हणून लिहिलं. नाही म्हणाल्या. आधी सगळं निघू द्या, मधात लुडबूड नको. कडक बाई आहे. मंगळवारी या.

मी देवाधर्माचा माणूस नाही. शालू म्हणते, तुम्ही आरतीला उभे राहता ते प्रसादासाठी. पण आज त्या खुर्चीत बसून मला हात जोडावेसे वाटले. कुणाला ते ठरेना, म्हणून जोडले नाहीत.

१६ डिसें., मंगळ.

ऐकलं.

क्रमाने लिहितो. हेडफोन दिले. मॅडमनी पहिला नंबर लावला. मी तयारीत होतो, 'आज आकाश निरभ्र आहे' येणार. आलं ते असं: "आज आकाश निरभ्र... अवं शाले, कुकर! किती शिट्ट्या होऊ देतं? सारं रेकॉर्डिंगमदी येऊन राहिलं ना!"

मागून शालू: "तुमीच म्हनलं होतं ना, डाळ चांगली शिजू दे म्हून!"

पुढची. "कृपया दार... कृपया... हट. कोन बोलते असं." पुढची. खोकला, मग शिवी. (कुत्र्याला. माणसाला नाही.) पुढची. "नागपूर हे महाराष्ट्राचे... महाराष्ट्राची... अवं, चष्मा कुठं ठेवला माह्या?" "डोक्स्यावर पाहा." "हो, हाय."

सगळ्या अशाच. मला कळेना. मग हळूहळू उमगलं. ही मी फेकलेली रेकॉर्डिंगं आहेत. वाक्य बिघडलं की मी ते डिलीट करायचो आणि रोज उठताना कचऱ्याची टोपलीही रिकामी करायचो. टापटीप माणूस. चांगली झालेली तेवढी फोल्डरात, एक प्रत सीवर, एक डीवर.

मॅडमनी नकाशासारखं काही काढून दाखवलं. विंडोज, त्याचे अपडेट आणि सिरियली कुठे कुठे बसल्या ते. चांगल्या वाक्यांतलं एकही हाती लागलं नाही, दोन्ही प्रती नव्या भाडेकरूंच्या खाली दबल्या असणार. फेकलेली लांब तिकडे पडली होती, तिथवर कुणी पोचलंच नाही. मी विचारलं, असं का. त्या म्हणाल्या, "काहून-बिहून काही नाही, काका. कोन कुठं पडलं होतं, बस." थोडंसं चांगलं त्या खराब पट्ट्यात असेलही. सांगता येत नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर, ऑटोत. तिथे बसलो होतो तेव्हा वाटत होतं ते वेगळंच. तो माणूस किती बोलतो! सरळ वाक्य एक धड होत नाही, पण चिडायला, हाक मारायला, वाद घालायला त्याला काही लागत नाही, नुसतं तोंड उघडतो आणि आवाज बाहेर. भरड आहे, तंबाखूच्या खर्र्याने खाल्लेला आहे, शेवटाला जरा फाटतो. साठ-पासष्ट वर्षं माझ्याजवळ होता आणि मी त्याच्याकडे असं कान देऊन कधी ऐकलं नव्हतं.

हेडफोन काढले तेव्हा मॅडम दुसरीकडे पाहत होत्या. चहा मागवला. मी प्यालो, गार झालेला.

१८ डिसें.

आज शालूलाही नेलं. मीच. तिला वाटलं मी टोमणा मारायला नेतोय.

मॅडमनी स्पीकरवर लावलं. पहिल्याच "अवं शाले"ला ती दचकून मागे वळली. मागे भिंत होती. मग खुर्चीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. तसंच ऐकत राहिली. मधेच हसायची. एका जागी मी तिला म्हणतो, "तू जाय ना वं बाहीर, तुह्या बांगड्या वाजून राहिल्या," आणि ती म्हणते, "मंग उद्यापासून काढून ठेवू का?" त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये कुणीच बोलत नाही. नुसता पंखा. ऑपरेशन पुढच्या हप्त्यात होतं. तेव्हाचं ते गप्प राहणं मला आठवत नव्हतं, डिस्कला आठवत होतं.

ती रडली. मीही. माझं रडणं दिसतं, ऐकू येत नाही.

"माह्याच हातानं गेलं," म्हणाली. पाटीवर लिहिलं की तू घर साफ करत होतीस, मी येणार म्हणून. हेच मला पहिल्या दिवशी लिहिता आलं असतं. लिहिलं नाही कारण रागात होतो, आणि राग मला अजूनही येतो, त्या निरभ्र आकाशाचा. पण तिच्यावर नाही. हे सगळं पाटीवर मावलं नाही, पहिलं वाक्य मावलं.

घरी येताना ऑटोत म्हणते कशी, "पन पाहा बरं, म्या फॉर्मॅट मारला म्हनून हे भेटलं. नाही तं तुमी हे कधी ऐकलं असतं?"

आता ही श्रेयही घेणार.

२२ डिसें., सोम.

थेरपीवाल्या बाईंनी ऐकलं. गंभीर झाल्या. मशीनला एकट्या माणसाचा, शांत खोलीतला, सरळ आवाज लागतो. इथे कुकर, पंखा, बांगड्या. आणि मुख्य म्हणजे दोघं एकाच वेळी बोलतात. "काका, तुम्ही बोलता तिथे काकू बोलतातच. तुमचा एकट्याचा असा आवाज फार थोडा आहे." शालू म्हणाली, "घरात बी तसंच हाय." बाईंना हसू आलं, पण मान हलवली. जेवढं सुटं निघेल तेवढं काढून पाठवू, आवाज बनवणारे बनवून पाहतील. बरा येईल, घोगरा येईल, ओळखू येणार नाही असाही येईल. शिवाय मी प्रत्येक वाक्यात चिडलेलो. "चिडका आवाज येईल," म्हणाल्या. "साधं चहा मागितला तरी रागावल्यासारखं वाटेल."

मी लिहिलं: तसाच मागत होतो.

पण घरी येऊन भीती वाटली. नुसती साधी भीती. समजा आला आणि तो माझा नसला. फोनमधली पुण्याची बाई निदान दुसरी कुणी आहे हे कबूल तरी करते. माझ्यासारखा पण मी नाही असा कुणी घरात बोलायला लागला तर शालूने काय करायचं?

२७ डिसें.

थंडी फार. गळ्याच्या भोकातून थंड हवा थेट छातीत जाते, सकाळी बाहेर पडवत नाही.

मॅडमनी मूळ डिस्क पुन्हा बाहेर काढली, त्या खराब पट्ट्यासाठी. मागच्या अंगाने, अगदी थोडं थोडं वाचत. माझ्यासमोरच. आधी ठीक. मग डिस्कमधून टक टक आवाज, कुणी नखाने दार वाजवावं तसा. मॅडमनी क्षणात वीज तोडली. "बस. अजून जोर लावला तर सुई चकतीले घासन, मग काहीच नाही." बाहेरगावी धूळबंद खोलीत डिस्क उघडणारे आहेत, तिथे पाठवता येईल. वेळ लागेल, खात्री कुणी देत नाही. की इथेच थांबायचं? तुम्ही ठरवा, घाई नाही, म्हणाल्या. पाकीट परत कपाटात.

आत कदाचित माझी दहा-वीस शहाणी वाक्यं आहेत. कदाचित काहीच नाही. मॅडमनी त्या टकटकीनंतर डिस्कवरून हात फिरवला, ताप आलेल्या पोरावरून फिरवावा तसा. कडक बाई, पण मी पाहिलं.

२ जाने., शुक्र.

सुटे तुकडे आवाज बनवणाऱ्यांकडे गेले. कशातून काय काढलं ते ऐकलं: "चष्मा कुठं ठेवला", "सारं येऊन राहिलं ना", "हट", "डाळ", "हो, हाय", "कोन बोलते असं". कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला "अवं". एवढ्यावरून मशीन मला बाकीचा सगळा बनवणार, मी कधी न उच्चारलेले शब्दसुद्धा. बाईंनी समजावलं कसं ते. समजलं नाही. डिस्कचं निदान थोडं समजलं होतं, खाली पडलेलं सापडलं. हे तर नसलेलंच आणणार म्हणतात. विचार करत बसलो की डोकं गरगरतं, म्हणून तूर निवडत बसलो शालूबरोबर.

निनाद म्हणतो, डिस्क धूळबंद खोलीत पाठवाच. शालू म्हणते, तुमचं तुम्ही पाहा. माझं अजून ठरत नाही.

११ जाने., रवि.

सकाळी फोनवर आला. आवाज. बाईंनी सोबत लिहिलंय, हा पहिला नमुना आहे, अजून कच्चा, फार अपेक्षा ठेवू नका. टाईप करा आणि दाबा.

पलंगावर बसलो होतो. शालू स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिला सांगितलं नाही. आधी एकट्याने ऐकायचं, वाईट असला तर पुसून टाकायचा आणि नमुना आलाच नाही म्हणायचं, असं ठरवलं. पहिलं वाक्य काय लिहायचं ते सुचेना. निरभ्र आकाश तर नक्कीच नाही. मोठं काही लिहायची लाज वाटली. शेवटी आंघोळीचं राहिलं होतं म्हणून लिहिलं, 'पाणी गरम झालं का?' फोनचा आवाज कमी करायला विसरलो. दाबलं.

भरड. शेवटाला फाटलेला. कमालीचा चिडका. खोलीभर गेला. माझं तोंड आपोआप उघडलं, जणू तोंडातूनच गेला.

स्वयंपाकघरातून लगेच उत्तर, नेहमीच्या सुरात, भांडी न थांबवता: "झालं ना, ओरडून काहून राहिले?"

मग भांडी थांबली. नळ तसाच वाहत होता, बंद करायचं तिच्या लक्षात नव्हतं. ती दारात आली. हातांना साबण. माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, परत माझ्याकडे. मी मान हलवली.

 ती चौकटीला टेकून खालीच बसली, साबणाच्या हातांनीच, आणि म्हणाली, "अजून एक डाव बोला."

तेव्हापासून फोन हातात आहे. हे लिहायला वही मांडीवर घेतली तरी ती तिथेच बसलेली आहे. नळ वाहतो आहे. दुसरं वाक्य मी अजून टाईप केलेलं नाही.